पाऊस गेला, गर्दी गेली. आता चला चिखलदऱ्याला

दिवाळीचा फराळ अर्धा संपला की आपल्याकडे एकच सीन असतो. डब्यात चकलीचा चुरा उरलेला, परीक्षा संपलेली नाहीतर पुढे ढकललेली, पुण्याला नोकरीला गेलेली गँग गावात आलेली, आणि ग्रुपवर पोल पडतो: गोवा, मनाली की लोणावळा? मग तीन दिवस त्या पोलवर भांडणं. कोणाकडे पैसे नसतात, कोणाला रिझर्व्हेशन मिळत नाही, कोणाच्या घरून परवानगी नसते. भाऊबीज होऊन जाते, सुटी संपत येते आणि सगळे नेहमीच्याच टपरीवर कटिंग पीत बसलेले दिसतात. अमरावती असो की अकोला, दरवर्षी हेच.

त्या पोलमध्ये एखादा बिचारा हळूच 'चिखलदरा' टाकतो. त्याला मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं. "झाला ना बे जुलैत. कितीदा पाहाचं?"

हा लेख त्या बिचाऱ्याच्या बाजूने आहे.

आधी जरा आठवून पाहा, जुलैत तुम्ही नेमकं काय पाहिलं. परतवाडा सोडलं, घाट लागला आणि गाड्यांची रांग लागली. वर पोचेपर्यंत दुपार. हरिकेन पॉइंटवर समोर दरी असावी असा अंदाज होता, पण दिसलं फक्त पांढरं धुकं आणि पुढच्या माणसाची छत्री. पंचबोल पॉइंटवर पाच वेळा प्रतिध्वनी येतो असं ऐकलं होतं. तिथे एकाच वेळी चाळीस जण ओरडत होते, त्यामुळे प्रतिध्वनी कोणता आणि शेजारचा पोट्टा कोणता हे कळलं नाही. मक्याचं कणीस खाल्लं, भिजलो, रील टाकली, संध्याकाळी परत. मीही हे चार-पाच वर्षं केलं आहे, आमच्या गाडीत स्पीकरही होता, म्हणून नावं ठेवायचा अधिकार मला नाही. पण चिखलदरा पाहिला असं म्हणायचाही नाही.

पहिल्यांदा मी तो नीट पाहिला तो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तेही गोव्याचा प्लॅन फिसकटला म्हणून. एसटीने गेलो होतो. परतवाड्याला गाडी बदलली, धामणगाव गढी मागे पडलं आणि घाट सुरू झाला तेव्हा गाडीत आम्ही नऊ जण उरलो होतो. वर उतरल्यावर दुकानदार खुर्च्या उन्हात टाकून बसलेले. कोणी "गाइड पाहिजे का, रूम पाहिजे का" करत अंगावर आलं नाही. एकाने फक्त विचारलं, "सुट्याइत आले का?" हो म्हटलं. तो म्हणाला, "चांगलं केलं. आता दिसते."

त्या "आता दिसते"चा अर्थ पंधरा मिनिटांनी कळला. देवी पॉइंटला उभे राहिलो तर दरी तळापर्यंत उघडी. पावसाने हवा धुऊन निघालेली, धूळ अजून उडायला लागलेली नाही. डोंगराच्या एकामागे एक सहा-सात रांगा, प्रत्येकीचा निळा वेगळा. उतारावरचं गवत हिरव्याचं पिवळं व्हायला निघालेलं, त्याच्यावर ऊन तिरपं पडलं की सगळा उतार सायीसारखा दिसतो. धबधबे बारीक झालेले, पण चालू होते. जुलैत त्यांचा फक्त आवाज येतो; आता पाणी कुठून निघतं, कुठल्या कातळावरून घसरतं, हे डोळ्यांनी मागे मागे जाता येतं. आणि पंचबोलला मी एकट्याने हाक मारली. मोजलं. सांगत नाही, तुम्ही मोजा.

शाळेत ऋतू पाठ करताना आपण 'शरद' म्हणून पुढे जातो. वऱ्हाडात शरद म्हणजे काय हे कोणाच्या अंगाला कळत नाही, कारण आपल्याकडे सपाटीवर पाऊस गेला की ऑक्टोबर हीट येते आणि ती गेली की एकदम रजई. मधला ऋतू असतो तो वर. हिशेब सोपा आहे. अमरावती शहर समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. शंभर मीटर चढलं की तापमान अर्धा-पाऊण अंशाने उतरतं. म्हणजे खाली कूलर बंद करावा की नाही या विचारात तुम्ही असता तेव्हा वर चार-पाच अंशांनी गार असतं, आणि संध्याकाळी स्वेटर लागतो. तो न्याच. आम्ही नेला नव्हता. एकाच शालीत तिघं बसलो होतो.

इंग्रज आले, तोफा आल्या, कॉफी आली

चिखलदऱ्याच्या नावाची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा. भीमकुंडही त्याच गोष्टीतलं. इंग्रजांना ही जागा १८२३ मध्ये हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने दाखवली असं नोंदलेलं आहे. अर्थात गवळी, कोरकू आणि गोंड तिथे आधीपासून राहत होते. त्यांना ही जागा 'शोधायची' गरज पडली नव्हती. साहेबांनी बंगले बांधले आणि कॉफी लावली. ती कॉफी अजून आहे. महाराष्ट्रात कॉफी पिकते असं सांगितलं की पुण्याचे मित्र आपण फेकतोय असं समजतात. नोव्हेंबरात गेलात तर झाडावरची हिरवी फळं लाल होताना दाखवून त्यांचं तोंड बंद करता येतं. स्ट्रॉबेरी मात्र आता मिळणार नाही, ती डिसेंबरनंतर. रबडी आणि खवा बारा महिने. इथल्या गवळ्यांची गुरं आणि इथलं गवत, त्यामुळे रबडीला जी चव आहे ती खाली आणून फ्रिजमध्ये ठेवली की जाते. तिथेच खा.

गाविलगडावर जा, आणि घाईत जाऊ नका. १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहा वलीने तो बांधला, पण जागेचं नाव गवळ्यांचं. या किल्ल्याची एक गोष्ट अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांना जोडते. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावला (आताचं तेल्हारा तालुक्यातलं) आर्थर वेलस्लीच्या फौजेने मराठ्यांचा पराभव केला. नागपूरकर भोसल्यांचं सैन्य गाविलगडाच्या आसऱ्याला आलं. वेलस्ली मागोमाग आला, पण दक्षिणेकडून कडा इतका उभा की तोफा चढवणार कशा? म्हणून त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन धामणगावच्या वाटेने डोंगराला वळसा घालून उत्तरेच्या बाजूने तोफा ओढत वर आला. रस्ता नव्हताच, माणसं आणि बैल लावून तो करत करत ते आले. १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. हाच वेलस्ली पुढे बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवतो.

बर्नार्ड कॉर्नवेल नावाच्या इंग्रज कादंबरीकाराने या वेढ्यावर 'शार्प्स फोर्ट्रेस' ही अख्खी कादंबरी लिहिली आहे. लंडनच्या पुस्तकांच्या दुकानात गाविलगड विकला जातो, आणि परतवाड्यापासून तासाभरावर राहणारी आपली पोरं किल्ल्याच्या दरवाजावर दगडाने नाव कोरून येतात. असो. नोव्हेंबरात गडावर गवत कमरेएवढं असतं आणि त्याची कुसळं मोज्यात घुसतात, फुलपँट घाला. पाण्याच्या तलावांजवळ बसायला जागा आहे. आम्ही गेलो त्या दिवशी दोन तासांत आम्हाला एकच माणूस भेटला, तोही म्हशी घेऊन.

रात्रीचं एक खास सांगतो, कारण हे कुठल्या ट्रॅव्हल पानावर लिहिलेलं नसतं. दिवाळी म्हणजे अमावास्या. म्हणजे भाऊबीजेनंतरचे दोन-चार दिवस चंद्राची कोर संध्याकाळीच मावळते आणि पुढची सगळी रात्र काळी. खाली शहरात याचा काही उपयोग नाही. वर गावाच्या दिव्यांपासून थोडं बाजूला जाऊन मान वर करा. आकाशगंगेचा पट्टा दिसतो, शर्मिष्ठेचा इंग्रजी डब्ल्यू दिसतो, आणि त्याच्या जवळच देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी सापडतो. तो प्रकाश सुमारे पंचवीस लाख वर्षं चालून तुमच्यापर्यंत आलेला असतो. आमच्यातला एक जण, जो एरवी सलग दोन मिनिटं गप्प बसत नाही, तो वीस मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "थंडी वाजून रायली." पण वीस मिनिटं बसला.

सिपनाच्या काठी

बहुतेक जण चिखलदऱ्याहून परत फिरतात. तुम्ही फिरू नका. घटांग फाट्यावरून सेमाडोहचा रस्ता धरा. इथून खरा मेळघाट सुरू होतो. घाटांचा मेळ, म्हणून मेळघाट. १९७३-७४ मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला हा एक. पावसाळ्यात बंद असलेला गाभ्याचा भाग ऑक्टोबरात उघडतो, सफारी सुरू होतात. वाघ दिसेल म्हणून जाऊ नका, नाहीतर पैसे गेल्याचं दुःख होईल. ताडोब्यासारखा तो इथे रस्त्यावर येऊन पोज देत नाही. डोंगर आहे, झाडी दाट आहे, त्याला लपायला भरपूर जागा आहे. रानगवा मात्र दिसतो, आणि एकदा तो समोर उभा राहिला की वाघाची आठवण येत नाही. नशीब जोरात असेल तर रानपिंगळा दिसेल. हे छोटं घुबड चक्क दिवसा फिरतं. ते जगातून संपलं असं ११३ वर्षं धरून चालले होते. १९९७ मध्ये ते नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडलं आणि नंतर मेळघाटातही. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीतली काही वर्षं याच जंगलात काढली. त्यांची पुस्तकं वाचलेली असतील तर इथे प्रत्येक झाड ओळखीचं वाटायला लागतं. नसतील तर एक सोबत न्या, कारण मोबाइलला रेंज नसते.

सेमाडोह आणि कोलकास, दोन्ही सिपना नदीच्या काठावर. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. कोरकूही ऐकून घ्या. ती मराठीची किंवा हिंदीची बोली नाही. तिची नात्यातली माणसं पार झारखंडात आहेत, संथाली आणि मुंडारी. त्या घराण्यातली सगळ्यात पश्चिमेकडची भाषा म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातली ही. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कोरकू' म्हणजे माणसं. इतकं साधं नाव.

कोलकासला नदी वळण घेते त्या काठावर आम्ही एक अख्खी दुपार काहीही न करता घालवली. पाणी कमी झालेलं, दगड वर आलेले, अर्जुनाची पांढरट खोडं पाण्यात उतरलेली. त्या शांततेबद्दल लिहायला लागलो तर मी कवी होईन आणि तुम्ही पान उलटाल, म्हणून थांबतो.

सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं. सेमाडोहला चहाच्या टपरीवर एक पोरगा होता, आमच्याच वयाचा. टपरी त्याच्या काकाची. तो परतवाड्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलला राहतो. दिवाळीसाठी आलेला. गप्पा सुरू झाल्या. आम्ही विचारलं, सुटीत इथेच असतोस का, किती मस्त. तो हसला.

"सर, तुमची सुटी लागली का तुमी वर येता. आमची लागली का आमी खाली जातो."

खाली म्हणजे? "सोयाबीन सोंगाले. दर्यापूरकडे. दिवाळीच्या आधी सोयाबीन, दिवाळी झाली का कापूस. सोमवारी जातो पुन्हा."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. आमचं शेत दर्यापूर तालुक्यात आहे. दर ऑक्टोबरला आमच्या सोयाबीनला 'मेळघाटचे मजूर' येतात. हाच शब्द, लहानपणापासून. ते क्रूझरमधून येतात, शेताच्या कडेला पाल टाकतात, आठ-दहा दिवसांत शेत मोकळं करून जातात. सीतादहीच्या दिवशी, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पूजेला, आई त्यांच्याही हातावर दहीभात ठेवते. त्यांच्यातल्या एकाचंही गाव मी कधी विचारलं नव्हतं. माझ्यासाठी मेळघाट दोन होते. एक धबधब्यांचा, जिथे आपण जातो. दुसरा बातम्यांमधला: कुपोषण, बालमृत्यू, आणि बैरागडला आयुष्य घालवलेले डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे, ज्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या धुऱ्यावर पालात राहणारी माणसं या दोन्हींपैकी कुठल्याही मेळघाटातून येतात असं कधी डोक्यातच आलं नाही.

त्या पोराच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हे मुद्दाम लिहितो. तो बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होता. त्यानेच आम्हाला सांगितलं की थांबा, बाजार पाहून जा.

दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांना इकडे घुंगरू बाजार म्हणतात, कोणी थाट्या बाजार म्हणतात. थाट्या म्हणजे गुरं चारणारे. वर्षभर लोकांची गुरं राखायची आणि दिवाळी झाली की सजून, कमरेला घुंगरं बांधून, बासरी आणि ढोलकी घेऊन बाजारात नाचायचं. दुकानासमोर नाच झाला की दुकानदार बक्षिसी देतो. आम्ही पाहिला तेव्हा एका बाजूला कांदे, प्लास्टिकच्या बादल्या, मोबाइलचे कव्हर, आणि मधूनच घुंगरांचा तो एकसारखा आवाज अंगावर येत होता. स्टेज नाही, माइक नाही, निवेदक नाही. आमच्यातल्या एकाने मोबाइल काढला, मग खिशात ठेवला आणि पन्नासची नोट काढली. व्हिडिओ काढू नका असं मी म्हणत नाही. विचारून काढा, आणि बक्षिसी द्या. दुकानदार देतो, मग आपण फुकट का पाहावं?

शांततेचा हिशेब

वैराटला सफारीने जाता येतं. ही चिखलदऱ्याहूनही उंच जागा. वर पोचल्यावर गवताची मोठी मोकळी कुरणं लागतात. आम्ही गेलो तेव्हा सांबरं चरत होती. आमच्यातला एक म्हणाला, "स्वित्झर्लंड आहे यार." जिप्सीचा ड्रायव्हर म्हणाला, "इथं गाव होतं."

वैराट, चुरणी, पस्तलाई ही गावं व्याघ्र प्रकल्पासाठी उठवून खाली वसवली. त्यांच्याही आधी कोहा, कुंड, बोरी गेली होती. २००८ नंतरच्या नियमाने कुटुंबामागे १० लाखांचं पॅकेज होतं. जिथे शेतं होती तिथे गवत आलं, गवतावर सांबरं आणि रानगवे आले, त्यांच्यामागे वाघ. जंगलासाठी हे चांगलंच झालं, असं वनखात्याची माणसं सांगतात आणि समोर दिसतंही. गेलेल्या गावांपैकी सगळ्यांना खाली बरं वाटलं असं मात्र नाही. काही गावांतले लोक परत जंगलात येऊन बसले, त्यावरून झटापटी झाल्या, हे आपण पेपरात वाचलं आहे. कोण बरोबर हे मला एका सफारीत कळणार नाही आणि तुम्हालाही नाही. एवढं कळलं की ज्या शांततेसाठी मी तिकीट काढून आलो होतो, तिच्यासाठी कोणीतरी घर सोडलं आहे. त्यानंतर परतीच्या वाटेवर आमच्या जिप्सीत गाणी लागली नाहीत. कोणी ठरवलं नव्हतं.

शिवाय या डोंगराशी आपलं नातं सुटीपुरतं नाही. खांडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या उत्तरेला उतरून तापीला मिळतात. दक्षिणेकडे चंद्रभागा, शहानूर, वान उतरतात त्या आपल्या पूर्णेकडे. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा तुम्हाला ठाऊक आहे. विहीर खोदली तर खारट पाणी लागतं, चहा फाटतो. दर्यापूर, अंजनगावला शहानूर धरणाचं आणि अकोट, तेल्हाऱ्याला वान धरणाचं गोडं पाणी मिळतं. ते सगळं या डोंगरावर पडलेलं. नळाला तोटी लावून आपण रोज मेळघाट पितो.

अकोलेकर आतापर्यंत म्हणत असतील, सगळं अमरावतीचंच चाललंय. तर तुमच्यासाठी नरनाळा. अकोटहून शहानूरला जायचं, वनखात्याची नोंद करायची, वर चढायचं. जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड अशा तीन किल्ल्यांचा मिळून हा एक किल्ला. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये गाविल आणि नरनाळा ही दोन्ही नावं होती, म्हणजे दोघं जुने शेजारी. महाकाली दरवाज्यासमोर उभे राहा. दगडात कोरलेली कमळं आणि वर अरबी-फारसी अक्षरं. पंधराव्या शतकाच्या शेवटाला कोणा कारागिराने किती दिवस घालवले असतील याचा विचार करत बसायला तिथे गर्दीचा त्रास नाही. शक्कर तलाव आणि नऊगजी तोफ बघा. माझं प्रामाणिक मत विचाराल तर दगडी कामात नरनाळा गाविलगडाला भारी आहे. अमरावतीचे मित्र यावर भांडतील, भांडोत.

माझे बाबा अकोल्याला शिकले. ते नरनाळ्यापेक्षा अकोला-खंडवा मीटरगेजबद्दल जास्त बोलतात. ती गाडी वान रोड, धूळघाट करत मेळघाटाच्या पोटातून जायची. धूळघाटजवळ चढ इतका की रूळ गोल फिरून स्वतःच्याच वरून जायचा; खिडकीतून आपण आत्ता आलो तो रूळ खाली दिसायचा. तिकीट काढून नुसतं ते वळण पाहायला पोरं जायची म्हणे. २०१७ च्या सुरुवातीला ती गाडी बंद झाली. अकोला ते अकोट मोठ्या रुळाची गाडी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. पुढचा रूळ वाघाच्या जंगलातून न्यायचा की बाहेरून वळसा घालून, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. बाबांना जंगल वाचावं असंही वाटतं आणि ते वळण पुन्हा पाहावं असंही. दोन्ही एकदम.

आता कामाचं, पटापट. पेट्रोल परतवाड्यालाच भरा. रोख पैसे ठेवा, रेंजशिवाय फोनवरून पैसे जात नाहीत. राहायला चिखलदऱ्यात एमटीडीसीसह बऱ्याच सोयी आहेत. सेमाडोह, कोलकासला वनखात्याची निवासं आहेत, त्यांचं बुकिंग आधी करा, दिवाळीच्या आठवड्यात आयत्या वेळी मिळत नाही. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. रात्री रस्त्यावर रानगवा उभा असतो आणि तो हॉर्नला ऐकत नाही. सूर्योदयाला उठा. ग्रुपमध्ये जो उठणार नाही त्याला सोडून जा, तो नंतर फोटो पाहून रडेल. स्पीकर घरी ठेवा.

आम्ही सोमवारी खाली उतरलो. परतवाड्याच्या स्टँडवर अमरावतीच्या गाडीची वाट पाहत होतो. बाहेर एक क्रूझर थांबली आणि तिच्यातून माणसं उतरायला लागली, संपतच नव्हती. पोत्यात भांडी, चिंधीत गुंडाळलेले इळे, एका बाईच्या कडेवर झोपलेलं पोर. शेवटी टपावरून आपली पिशवी ओढत तो पोरगा उतरला, सेमाडोहचा. त्याने आम्हाला पाहिलं आणि हात केला.

"सर, दर्यापूरची गाडी कोन्या फलाटावर लागते?"

मी दाखवलं. मग विचारलं, तुझं स्वतःचं गाव कोणतं? सेमाडोह तर काकाचं.

"हतरूच्या पुढं," तो म्हणाला. "तुमी नाई पाहिलं असन."